६० हर्ट्झचा मॉनिटर ७५ वर नेताना: अडतं कुठे ते आधी शोधा

ऑफिसातून निघालेला जुना २४ इंची मॉनिटर सोलापूरच्या नवी पेठेतून घरी आणला आणि त्याच्या पाठीवर ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं) लिहिलेलं असलं, तरी तो जन्मभर ६० वरच चालला पाहिजे असं नाही. ६० हा कंपनीने हमी दिलेला आकडा. पॅनेलची, म्हणजे खुद्द पडद्याची, ताकद बहुतेक वेळा त्याच्या थोडी पुढे असते. बरेच साधे आयपीएस मॉनिटर ७० ते ७५ पर्यंत जातात, काही ६२ लाच हात टेकतात. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक पडतो, त्यामुळे शेजाऱ्याचा ७५ ला चालतो म्हणून तुमचा चालेलच याची खात्री नाही.

रिफ्रेश रेट, म्हणजे हा हर्ट्झचा आकडा, वाढवताना गाडी चारपैकी एका ठिकाणी अडते: केबल आणि पोर्ट, ग्राफिक्स ड्रायव्हर, मॉनिटरमधली स्केलर चिप (आलेला सिग्नल पॅनेलला पोचवणारी), आणि शेवटी खुद्द पॅनेल. चारही ठिकाणची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे. केबल अडवत असताना ड्रायव्हर दहा वेळा काढून बसवला तरी काही होत नाही. म्हणून आधी हिशेब, मग सेटिंग.

पिक्सेल क्लॉकचा हिशेब

१९२० बाय १०८० चा पडदा दिसतो तेवढाच पाठवला जात नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडा रिकामा वेळ असतो. त्याला ब्लँकिंग म्हणतात. यंत्रमागावर धोटा काठाला पोचून परत फिरेपर्यंत कापड वाढत नाही, पण तो वेळ मोजावा तर लागतोच. तसंच हे.

टीव्हीच्या पद्धतीच्या टायमिंगमध्ये १०८०पी चं चित्र ब्लँकिंग धरून २२०० बाय ११२५ होतं. २२०० × ११२५ × ६० केलं की १४ कोटी ८५ लाख येतात. सेकंदाला इतके ठिपके (पिक्सेल) पाठवायचे, या वेगालाच पिक्सेल क्लॉक म्हणतात: १४८.५ मेगाहर्ट्झ. त्याच टायमिंगने ७५ हर्ट्झ मागितले तर १८५.६ लागतात.

आता पोर्टाची मर्यादा बघा. सिंगल-लिंक डीव्हीआय १६५ मेगाहर्ट्झ. एचडीएमआय १.२ पर्यंत तेच १६५. एचडीएमआय १.३ आणि १.४ ला ३४०, तर २.० ला ६००. ड्युअल-लिंक डीव्हीआय ३३०. व्हीजीए ४००, पण तिथे सिग्नल ॲनालॉग असल्याने वर जाल तशी अक्षरं पसरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ ला साध्या ८-बिट रंगात ७२०.

१६५ मध्ये टीव्हीचं टायमिंग ६६ हर्ट्झलाच संपतं. पण ब्लँकिंग कमी केलेलं टायमिंग घेतलं, ज्याला सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँकिंग म्हणतात, तर आडवी बेरीज २२०० ऐवजी २०८० होते. २०८० × १११७ × ७१ = १६४.९६. म्हणजे त्याच केबलवर, त्याच पोर्टावर, एक पैसा न खर्चता ७१ हर्ट्झ बसतात. ७५ ला याच पद्धतीने १७४.६ लागतात आणि तिथे १६५ ची भिंत आडवी येते.

कन्व्हर्टर वापरत असाल तर तो सगळ्यात आधी तपासा. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारे स्वस्त, साधे ॲडॉप्टर दोन प्रकारचे असतात: टाइप १ ला १६५ ची मर्यादा, टाइप २ ला ३००. पाकिटावर हे क्वचितच लिहिलेलं असतं. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर मधे असेल तर ७५ चा नाद सोडा, सरळ केबल लावा.

माघारीची वाट

काळा पडदा येणार हे धरूनच चला. विंडोजच्या सेटिंगमधून रिफ्रेश रेट बदलला आणि पडदा गेला, तर काही दाबू नका. १५ सेकंदांत विंडोज आपोआप जुन्या सेटिंगवर येतं. घाबरून बटणं दाबताना चुकून बदलाला होकार दिला जाऊ शकतो आणि तीच बिघडलेली सेटिंग कायम होते.

घरचा टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर जोडता येईल अशी केबल हाताशी ठेवा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. पडदा गोठला असेल तर ते कामाला येतं, मात्र त्याने चुकीचं टायमिंग पुसलं जात नाही. ते पुसायला सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हरवर विंडोज सुरू करण्याची पद्धत) जावं लागतं. सेफ मोडमध्ये कसं शिरायचं ते आजच एकदा करून बघा. पडदा काळा असताना शिकायची ती गोष्ट नाही.

आणि ड्रायव्हर काढणं-बसवणं यूपीएस चालू असतानाच करा. अर्ध्यावर वीज गेली तर पुढचा सगळा दिवस त्यातच जातो.

एनव्हिडिया आणि एएमडी

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’ उघडा, खाली ‘कस्टमाइझ’. तिथे मॉनिटरने न सांगितलेली रिझोल्यूशन्स चालू करण्याची चौकट आहे, ती टिक करा आणि ‘क्रिएट कस्टम रिझोल्यूशन’ घ्या. रिफ्रेश रेट ६५ लिहा. खाली टायमिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ असतं, ते बदलून ‘सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक’ करा. त्याच खिडकीत पिक्सेल क्लॉक दिसतो. वरच्या हिशेबाशी ताडून बघा. मग ‘टेस्ट’. चित्र नीट आलं तर ते सेव्ह करा आणि पुढे ७०, ७२, ७५. एकदम ७५ टाकू नका, कारण अडलं तर नेमकं कुठल्या आकड्याला अडलं ते कळत नाही.

एएमडीच्या ॲड्रेनलिनमध्ये हेच काम ‘डिस्प्ले’ टॅबखालच्या ‘कस्टम रिझोल्यूशन्स’मध्ये होतं. तिथेही टायमिंग सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँकिंगच ठेवा.

लॅपटॉपवाल्यांचा नेहमीचा गोंधळ: एनव्हिडियाचं कार्ड आहे, पण कंट्रोल पॅनेलमध्ये डिस्प्लेचा विभागच दिसत नाही. ड्रायव्हर बिघडलेला नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतला पडदा इंटेलच्या किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो, मोठं कार्ड फक्त चित्र तयार करून त्याच्याकडे देतं. अशा वेळी बदल अंगभूत ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधूनच करायचा. लॅपटॉपच्या पॅनेलमागे वेगळी स्केलर चिप नसते, त्यामुळे ती कधी कधी डेस्कटॉप मॉनिटरपेक्षा सहज वर जातात. मात्र पडदा काळा झाला तर दुसरा पडदा नाही, म्हणून टीव्हीची केबल आधी लावूनच सुरुवात करा.

ड्रायव्हर नाही म्हणतो तेव्हा

यादीत ७५ दिसतच नाही, किंवा ‘टेस्ट’ दाबल्याबरोबर मॉनिटरला न विचारताच नकार येतो, तर अडवणारा ड्रायव्हर आहे. पण तो स्वतःच्या मनाने अडवत नाही. प्रत्येक मॉनिटर जोडल्याबरोबर स्वतःची माहितीपत्रिका कॉम्प्युटरला देतो, तिला ईडीआयडी म्हणतात. मी कोण, माझी मूळ रिझोल्यूशन्स कोणती, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती हर्ट्झ, किती पिक्सेल क्लॉक. पत्रिकेत १६५ लिहिलं असेल तर एचडीएमआय १.४ चं पोर्ट असूनही ड्रायव्हर १६५ च्या पुढे जात नाही.

ही पत्रिका मॉनिटरमध्ये न बदलता फक्त विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवायच्या जागेत) झाकून तिच्या जागी दुसरी ठेवता येते. त्यासाठी टोस्टीएक्स नावाच्या प्रोग्रॅमरचं कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, म्हणजे सीआरयू, हे छोटं मोफत साधन आहे. मॉनिटरच्या आत काहीही लिहिलं जात नाही, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला की तो जसाच्या तसा असतो.

सीआरयू उघडल्यावर वरच्या यादीत ‘ॲक्टिव्ह’ लिहिलेला तुमचाच मॉनिटर निवडला आहे ना ते बघा. ‘डिटेल्ड रिझोल्यूशन्स’मधली पहिली ओळ मूळ रिझोल्यूशन मानली जाते. ती ६० वर आहे तशीच राहू द्या. गरजेला परत यायची ती जागा आहे. खाली ‘ॲड’ दाबून नवीन ओळ करा. टायमिंग हाताने भरायचं असेल तर (पोर्च आणि सिंक हे ब्लँकिंगचेच भाग) आडवं: फ्रंट पोर्च ४८, सिंक ३२, एकूण २०८०. उभं: फ्रंट पोर्च ३, सिंक ५, एकूण १११९. रिफ्रेश ७५.

एचडीएमआयवर १६५ ओलांडायचं असेल तर आणखी एक पायरी आहे. ‘एक्स्टेन्शन ब्लॉक्स’मधला सीटीए-८६१ हा ब्लॉक उघडा, त्यात एचडीएमआय डेटा ब्लॉक, त्यात ‘मॅक्सिमम टीएमडीएस क्लॉक’ ३४० करा. ही पायरी विसरली की ७५ ची ओळ सीआरयूत दिसते पण विंडोजच्या यादीत कधीच येत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

सगळं ओके करून बाहेर या आणि सीआरयूसोबत आलेला ‘रीस्टार्ट६४’ चालवा. पडदा थोडा वेळ जाऊन परत येतो. १५ सेकंदांत आला नाही तर एफ८ दाबा. बदल तात्पुरते बाजूला ठेवून पडदा परत येतो. तेही जमलं नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन ‘रीसेट-ऑल’ चालवा, सगळं मूळपदावर येतं.

इंटेलचे फार जुने ड्रायव्हर रजिस्ट्रीतली ही बदली पत्रिका मानत नाहीत. तिथे आधी नवा ड्रायव्हर टाका. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ दिसत असेल तर तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. आधी तो बसवा, बाकी सगळं नंतर.

जुन्या एएमडी कार्डांमध्ये खुद्द ड्रायव्हरच्या आतच १६५ आणि ३३० ची मर्यादा घातलेली असते. ती काढायला टोस्टीएक्सचाच पिक्सेल क्लॉक पॅचर आहे, एनव्हिडियासाठीही वेगळा आहे. हा मार्ग शेवटचाच ठेवा. पॅच म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलमध्ये बदल, त्यामुळे तिची डिजिटल सही बिघडते. सिक्युअर बूट चालू असेल तर विंडोज असा ड्रायव्हर घ्यायला तयार होत नाही, आणि काही ऑनलाइन खेळांची अँटीचीट यंत्रणाही तो स्वीकारत नाही. शिवाय ड्रायव्हर अपडेट झाला की पॅच पुन्हा मारावा लागतो. ७१ वर भागत असेल तर चार हर्ट्झसाठी हे करणं योग्य वाटत नाही.

उलट बाजूची एक मर्यादा नव्या मॉनिटरांची. डीएससी, म्हणजे सिग्नल दाबून पाठवण्याची पद्धत चालू असेल तर बऱ्याच एनव्हिडिया कार्डांवर कस्टम रिझोल्यूशन करता येत नाही. मॉनिटरच्या मेनूत डीएससी बंद करण्याची सोय असेल तर ती बंद करा. त्या बदल्यात वरची मूळ गती गमवावी लागेल. १४४ चा मॉनिटर १६५ वर नेण्यासाठी ही खटपट असेल तर एक हिशेब करा: ६० ते ७५ मध्ये एका चित्राचा वेळ १६.७ वरून १३.३ मिलिसेकंदांवर येतो, सव्वातीनच्या आसपास फरक. १४४ ते १६५ मध्ये ६.९ वरून ६.१, एक मिलिसेकंदही नाही.

‘आउट ऑफ रेंज’ आला तर ८३ किलोहर्ट्झ आठवा

ड्रायव्हरने ७५ दिले, पण मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ म्हणतो. आता नकार स्केलरचा आहे. इथे बहुतेक जण सोडून देतात, पण एक उपाय बाकी असतो.

सीआरयूत मॉनिटरची रेंज उघडून बघा. पुष्कळ १०८०पी मॉनिटरांत उभी रेंज ७५ किंवा ७६ हर्ट्झपर्यंत आणि आडवी ८३ किलोहर्ट्झपर्यंत असते. आडवी म्हणजे सेकंदाला किती ओळी. १११९ ओळी × ७५ = ८३.९ किलोहर्ट्झ. हर्ट्झ बसले, ओळी एका किलोहर्ट्झपेक्षाही कमी फरकाने बाहेर गेल्या! उभी एकूण बेरीज १११९ ऐवजी ११०५ करा: ११०५ × ७५ = ८२.९. पिक्सेल क्लॉकही १७२.४ वर उतरतो. फ्रंट पोर्च ३ आणि सिंक ५ तसेच ठेवायचे, मागचा पोर्च १७ होतो. काही मॉनिटर एवढ्यावर मुकाट ७५ दाखवतात.

याची किंमत एक आहे. ग्राफिक्स कार्ड आपल्या मेमरीची गती कमी-जास्त करण्यासाठी हाच उभा रिकामा वेळ वापरतं. तो फार छोटा केला तर काही कार्डांची मेमरी नुसत्या डेस्कटॉपवरही पूर्ण वेगाने चालू राहते, कार्ड तापतं, पंखा आवाज करतो. एएमडीच्या काही कार्डांवर पडदा लुकलुकतोही. बदल केल्यावर काहीच चालू नसताना मेमरी क्लॉक खाली येतो का ते बघा. येत नसेल तर ओळी दोन-दोन करत वाढवा.

खरंच ७५ दिसतात का?

विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये ७५ दिसणं पुरेसं नाही. तो कार्ड किती पाठवतं याचा आकडा आहे. काही स्केलर ७५ घेतात आणि पॅनेलला ६० च देतात, मधली चित्रं टाकून. असा मॉनिटर ६० पेक्षाही वाईट दिसतो, कारण हालचाल अडखळते.

तपासायची पद्धत सोपी आहे. ब्राउझरमध्ये टेस्टयूएफओ या संकेतस्थळाचं फ्रेम स्किपिंग पान उघडा, बाकी सगळे टॅब बंद करा. पडद्यावर चौकटींची जाळी येते आणि प्रत्येक चित्रात एकच चौकट उजळते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावा, शटर १/१० सेकंद, आयएसओ ५० ते १००. मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून स्थिर ठेवा आणि फोटो काढा. ७५ हर्ट्झवर एका दशांश सेकंदात सात ते आठ चौकटी उजळलेल्या दिसायला हव्यात, एकाला एक लागून. कडेच्या दोन फिक्या आल्या तर चालतं. पण चार उजळ, एक काळी, पुन्हा चार उजळ असं दिसलं, तर दर पाचव्या चित्राला कात्री लागते आहे: ७५ पाठवले, ६० दिसले. एका फोटोवर विसंबू नका, पाच-सहा काढा. चित्रं गळत असतील तर गळायची थांबतील तिथपर्यंत दोन-दोन हर्ट्झ खाली या.

७५ जमत नसेल पण ७२ जमत असेल तर ७४ साठी झटू नका. चित्रपट २४ फ्रेमचे असतात आणि ७२ मध्ये प्रत्येक फ्रेमला बरोबर तीन पाळ्या मिळतात. ६० वर काहींना तीन, काहींना दोन मिळतात आणि कॅमेरा आडवा फिरताना झटके दिसतात. ७५ चा असाच फायदा २५ फ्रेमच्या टीव्ही कार्यक्रमांना होतो.

इतर लक्षणं थोडक्यात

चमचमणारे ठिपके, किंवा दर काही मिनिटांनी पडदा दोन सेकंद जाऊन परत येणं, ही केबलची तक्रार. दुसरी, आखूड केबल लावून बघा. रंग धुतल्यासारखे झाले आणि काळा राखाडी दिसायला लागला, तर एचडीएमआयवर कार्डाने मॉनिटरला टीव्ही समजलं आहे. एनव्हिडियाच्या रंगांच्या सेटिंगमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ ‘फुल’ करा. बारीक उभ्या रेघा, राखाडी भागात जाळीसारखी थरथर, किंवा खिडकी बंद केल्यावरही तिची पुसट छाया राहणं, हे पॅनेल आणि त्याच्या सर्किटचं सांगणं आहे. तिथे सेटिंगचा उपाय नाही. पाच हर्ट्झ खाली या. खेळ ६० वरच अडकला असेल तर खेळाच्या स्वतःच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट वेगळा असतो, तो बदला. हलणाऱ्या वस्तूमागे उजळ कड दिसत असेल तर मॉनिटरच्या मेनूतला ओव्हरड्राइव्ह (ठिपक्यांचा रंगबदल वेगवान करणारी सेटिंग) एक पायरी कमी करा.

रिफ्रेश रेट वाढवला की गॅमा किंचित सरकू शकतो, म्हणजे मधल्या छटा हलतात. जॅकार्डच्या चादरीचं किंवा टॉवेलचं डिझाइन करून सुताचे रंग पडद्यावर जुळवणाऱ्यांनी त्या मॉनिटरला हात लावू नये. चुकीच्या छटेची चादर मागावरून उतरते तेव्हा नुकसान सुताचं आणि मजुरीचं होतं.

सोलापूरचा उन्हाळाही यात धरा. मे महिन्यात पारा ४० च्या वर आणि वर पत्रे असतील तर दुपारी खोलीचं काय होतं ते सांगायला नको. गार हवेत लिक्विड क्रिस्टल मंद असतं, गरम झाल्यावर चपळ होतं, त्यामुळे उन्हाळ्यात छाया कमी दिसतात. पण स्केलर आणि केबलचे सर्किट मात्र उष्णतेत मार्जिन गमावतात. डिसेंबरात ठणठणीत चाललेले ७५ मे महिन्याच्या दुपारी चार वाजता ठिपके दाखवू शकतात. म्हणून जिथे अडतं त्याच्या दोन-तीन हर्ट्झ खालीच कायमचं थांबा आणि फ्रेम स्किपिंगचा फोटो एकदा भर उन्हाळ्यात पुन्हा काढा. मॉनिटर भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढा.

शेवटचा आकडा ठरला की सीआरयूमधलं ‘एक्स्पोर्ट’ दाबून फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये केलेली कस्टम रिझोल्यूशन्स ड्रायव्हर नव्याने बसवताना पुसली जाऊ शकतात, त्यामुळे तिथले सगळे आकडे, आडवे आणि उभे दोन्ही, कागदावर उतरवून मॉनिटरच्या पाठीला चिकटवून ठेवा.